नर्सिंग सीईटीचा निकाल लागला, आता पुढे काय? मुंबईतल्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

बी.एस्सी. नर्सिंगच्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, निकाल लागला की पहिल्या दोन दिवसांत सगळे एकच विचारतात: "मॅडम, एवढ्या पर्सेंटाइलला कॉलेज मिळेल का?" सिस्टर ट्यूटर म्हणून बरीच वर्षं वॉर्डात आणि वर्गात काढल्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे: पर्सेंटाइल तुम्हाला रांगेत उभं करतो, पण कॉलेज मिळतं ते पसंतीक्रम, म्हणजे हव्या त्या कॉलेजांची क्रमवार यादी, नीट भरल्यामुळे आणि कागद वेळेवर दाखवल्यामुळे. निम्मी गडबड तिथेच होते. खालचे प्रश्न फोनवर आणि प्रत्यक्ष भेटीत विचारले गेलेले आहेत, त्याच भाषेत ठेवले आहेत.

माझे शंभरपैकी ५८ गुण आले आणि पर्सेंटाइल ८२ दाखवतोय. हे चुकलंय का?

चुकलेलं नाही. गुण म्हणजे तुमची किती उत्तरं बरोबर आली ते. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी शंभरात किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवून बसलेत ते. समजा, नुसतं समजावण्यापुरतं, पन्नास हजार मुलांनी परीक्षा दिली. त्यातल्या एक्केचाळीस हजारांना ५८ किंवा त्याहून कमी मिळाले. एक्केचाळीस हजार भागिले पन्नास हजार गुणिले शंभर, उत्तर ८२. म्हणजे साधारण नऊ हजार मुलं तुमच्या पुढे आहेत. पेपर अवघड गेला असेल तर कमी गुणांवरही चांगला पर्सेंटाइल येतो, सोपा गेला तर ७० गुण मिळवूनही हवा तसा येत नाही. म्हणून मागच्या वर्षीच्या ताईचे गुण आणि तुमचे गुण शेजारी ठेवून रडण्यात अर्थ नाही, पेपरच वेगळा होता.

परीक्षा एकापेक्षा जास्त सत्रांत झाली असेल तर पर्सेंटाइल त्या-त्या सत्रातल्या मुलांमध्ये काढतात. सकाळचा पेपर कठीण आणि दुपारचा सोपा, असं झालं तरी अन्याय होऊ नये म्हणून ही सोय. दशांशचिन्हानंतरचे आकडे लांबलचक दिसतात ते दोघांची बरोबरी होऊ नये म्हणून.

परीक्षेत नेमकं काय असतं?

बी.एस्सी. नर्सिंगच्या सीईटीला शंभर प्रश्न, शंभर गुण, दीड तास. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड (या कामाचा कल तपासणारे प्रश्न), प्रत्येकी वीस. संगणकावर असते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

अॅप्टिट्यूडला मुलं घाबरतात. खरं तर तिथे पाठांतर लागत नाही, डोकं शांत लागतं. उदाहरण म्हणून मी विचारते तो प्रश्न असा: रुग्ण गोळी घ्यायला नकार देतोय, तुम्ही काय कराल? जबरदस्तीने द्याल, फेकून देऊन चार्टवर "दिली" असं लिहाल, नातेवाइकांवर ओरडाल, की नकाराचं कारण विचारून वरिष्ठ सिस्टरना सांगाल आणि तशी नोंद कराल? बहुतेक मुली बरोबर सांगतात. इंग्रजीत मात्र मराठी माध्यमाची मुलं मागे राहतात, आणि तिथले वीस गुण जीवशास्त्राच्या वीस गुणांइतकेच मोलाचे असतात हे परीक्षा झाल्यावर कळतं.

"पात्र" व्हायला किती पर्सेंटाइल लागतो?

भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी ठरवलेली किमान रेघ अशी आहे: खुल्या प्रवर्गाला ५०, खुल्या प्रवर्गातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना ४५, आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गीयांना ४० पर्सेंटाइल. जागा रिकाम्या राहिल्या म्हणून ही रेघ खाली आणल्याचंही घडलेलं आहे. म्हणून ४८ आले तर लगेच दप्तर गुंडाळू नका, सीईटी सेलच्या, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या कक्षाच्या, सूचना शेवटच्या फेरीपर्यंत बघत राहा.

पण पात्र होणं म्हणजे प्रवेश मिळणं नव्हे. पात्रतेची रेघ ओलांडली की तुम्ही रांगेत आलात एवढंच. रांगेत पुढे कोण आणि मागे कोण, हे गुणवत्ता यादीतून कळतं.

बारावीचे गुण धरतात का? मला बारावीला ७८ टक्के आहेत.

गुणवत्ता यादी सीईटीवर लागते. बारावी फक्त दार उघडायला: विज्ञान शाखा, भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून किमान ४५ टक्के, आरक्षित प्रवर्गाला ४०, आणि इंग्रजी विषय घेऊन उत्तीर्ण. जीवशास्त्र सोडून गणित घेतलेल्यांना या दारातून आत येता येत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हेच विषय घेऊन बारावी केली असेल तर चालते. वय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सतरा पूर्ण हवं.

नीट (वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा) दिली होती. त्याचे गुण वापरता येतील का?

काही वर्षांपूर्वीपर्यंत राज्यात बी.एस्सी. नर्सिंगचे प्रवेश नीटवरच व्हायचे, म्हणून घरातली मोठी मंडळी अजून तसंच सांगतात. आता राज्याच्या कोट्यासाठी वेगळी सीईटी आहे.

नीटचा उपयोग एका ठिकाणी मोठा आहे, तो म्हणजे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. फक्त मुलींसाठी. देशभरात सहा कॉलेजं मिळून २२० जागा, आणि त्यातल्या ४० आपल्या कुलाब्यात आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या हॉस्पिटलात, आणखी ४० पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात. नीटच्या गुणांवर निवडक मुलींना बोलावतात, मग सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकावरची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. शिक्षणाचा खर्च सरकारचा, त्याबदल्यात पुढे नोकरीचं बंधपत्र. लालबाग-परळच्या मुलींना कुलाबा बसने जाता येण्याजोगं, तरी नर्सिंगच्या अर्जात हे नाव लिहिलेलं मला फार कमी वेळा दिसतं. नीट दिलीच असेल तर लष्कराची जाहिरात चुकवू नका.

एम्सची बी.एस्सी. ऑनर्स नर्सिंगची परीक्षा तिसरीच, वेगळी. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात, सीईटीची सवय घेऊन ठोकून देऊ नका.

पसंतीक्रमात किती कॉलेजं भरू? फक्त मुंबईतलीच भरली तर?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. फक्त मुंबई भरलीत तर राज्यभरातली वरच्या पर्सेंटाइलची मुलंसुद्धा त्याच पाच-सहा नावांवर बोट ठेवून आहेत, हे लक्षात ठेवा. भायखळ्याच्या जे.जे. रुग्णालय समूहाची परिचर्या शिक्षण संस्था सरकारी आहे, फी कमी, हॉस्पिटल प्रचंड. साहजिकच तिथे स्पर्धा जास्त. तिथे मिळेल या आशेवर एकच नाव भरणं म्हणजे अंधेरीला उभं राहून रिकाम्या लोकलची वाट बघणं.

यादी करताना कॉलेजच्या इमारतीचे फोटो बघू नका, मागचं हॉस्पिटल बघा. नर्स वर्गात निम्मीच घडते. बी.एस्सी.च्या कॉलेजला स्वतःचं किमान शंभर खाटांचं हॉस्पिटल असावं अशी अपेक्षा आहे, पण शंभर खाटा आणि शंभर भरलेल्या खाटा यात फरक आहे. शक्य असेल तर सकाळी अकराच्या सुमारास त्या हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन उभं राहा. रांग आहे का? प्रसूती होतात का? बालरोग विभाग चालू आहे का? विद्यार्थिनी गणवेशात वॉर्डात दिसतात का? कँटीनमध्ये एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला विचारा, "आतापर्यंत किती डिलिव्हरी बघितल्यास?" तिच्या उत्तरावरून कॉलेज कळतं, माहितीपत्रकावरून नाही.

आता क्रम. तुम्हाला जिथे मनापासून जायचं आहे ते वर. "मिळणार नाही" म्हणून चांगलं कॉलेज खाली टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी हुशारी. यंत्रणा तुमच्या यादीत वरून खाली बघते आणि तुमच्या गुणवत्ता क्रमांकाला जे पहिलं मिळतंय ते देते. वर कठीण नाव लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. मात्र जिथे मिळालं तरी जाणारच नाही, ते नाव भरू नका. विशेषतः पहिल्या क्रमांकावर नाही, कारण पहिली पसंती मिळूनही रुजू झाला नाहीत तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडायची वेळ येते. दुसरी-तिसरी पसंती मिळाली आणि तीच कायम ठेवायची असेल तर स्टेटस रिटेन्शनचा अर्ज भरायचा. न भरल्यास पुढच्या फेरीत वरची पसंती मिळू शकते, पण ती मिळाली की आधीची जागा गेली. हे दोन नियम त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत स्वतः वाचा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या आवाजी संदेशातून ऐकू नका.

चर्चगेटचं एसएनडीटी आणि नवी मुंबईतली मोठी कॉलेजं याच प्रक्रियेत येतात का?

सरसकट नाही. राज्यातली बहुतेक नर्सिंग कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय एसएनडीटी महिला विद्यापीठाचं, १९६४ सालचं, फक्त मुलींचं. त्याची पदवी एसएनडीटीची, म्हणून त्यांची प्रवेश सूचना वेगळी वाचावी. नेरूळ-कामोठ्याकडची काही कॉलेजं अभिमत (डीम्ड) विद्यापीठांची आहेत, त्यांचा अर्ज आणि फी त्यांच्या त्यांच्या पद्धतीने.

मुलींना फी माफ आहे असं ऐकलंय.

अर्धं बरोबर ऐकलंय. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अटी दोन, आणि त्याच लोक विसरतात. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर नाही. आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात बसत नाहीत. शिक्षण शुल्क म्हणजे शिक्षण शुल्कच: वसतिगृह, गणवेश, मेस, रोजचा पास तुमच्या खिशातून. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज दरवर्षी करावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्त्याही त्याच पोर्टलवर आहेत.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त कुठे अडतं?

जात पडताळणीत. मुंबईत तर हमखास, आणि त्याचं कारण मुंबईच आहे.

जातीचा दाखला तुम्ही आज कुठे राहता त्यावर मिळत नाही. ठरलेल्या तारखेला तुमचं कुटुंब मूळचं कुठे राहत होतं, ते बघतात. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आता काळाचौकीतली एक मुलगी घ्या. जन्म मुंबईचा, वडिलांचाही मुंबईचा, पण आजोबा १९६७ साली चिपळूणजवळच्या गावी शेती करत होते आणि नंतर गिरणीत आले. तर तिचा दाखला रत्नागिरी जिल्ह्यातून निघतो आणि पडताळणीही तिथल्याच समितीकडे जाते. घरच्यांनी मे महिन्यात वांद्र्याच्या किंवा फोर्टच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चकरा मारल्या असतील तर त्या फुकट. पणजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी, जुन्या जन्म-मृत्यू नोंदीसाठी, महसुली उताऱ्यासाठी गावी जावं लागतं, आणि जून-जुलैत गावची शाळा आणि कचेरी दोन्हीकडे गर्दी. म्हणून मी अकरावीतल्या मुलींनाच सांगते: गणपतीला गावी जाल तेव्हा आरतीच्या आधी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा.

नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत बघा, प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र तयार ठेवा. हेपेटायटिस बीची लस घेतली नसेल तर सुरू करा, वॉर्डात सुया हाताळायच्या आहेत.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी. अडवतील का?

नावांचा क्रम वेगळा असण्याने सहसा अडत नाही, बोर्डाची पद्धतच तशी आहे. स्पेलिंग वेगळं असेल, वडिलांच्या नावाऐवजी आईचं आलं असेल, तर मात्र आधी दुरुस्त करून घ्या. सीईटीचा अर्ज दहावीच्या गुणपत्रिकेबरहुकूम भरा.

पर्सेंटाइल कमी आहे. जीएनएम घेऊ की एक वर्ष थांबू?

यावर घराघरांत भांडणं होतात. माझं मत स्पष्ट आहे: घरची गरज आणि मुलीचा स्वभाव बघून ठरवा, "लोक काय म्हणतील" बघून नको.

जीएनएम हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. बारावी कोणत्याही शाखेतून चालते, ४० टक्के आणि इंग्रजी हवं, विज्ञानाला प्राधान्य. परीक्षा राज्याच्या परिचर्या व परावैद्यक शिक्षण मंडळाची. उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि तुम्ही नोंदणीकृत नर्स व मिडवाइफ होता. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, म्हणजे पदवीचं दार बंद होत नाही. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं लोकमान्य टिळक या महापालिकेच्या हॉस्पिटलांत नर्सिंगचं प्रशिक्षण पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. केईएमच्या वॉर्डात तीन वर्षं काढलेल्या मुलीच्या हाताला जे वळण लागतं ते कुठल्याही महागड्या इमारतीत लागत नाही, असं मी म्हटलं तर बी.एस्सी.वाल्या रागावतील, पण म्हणते. महापालिकेच्या जाहिरातीवर नजर ठेवा.

थांबायचंच असेल तर कुठे मार खाल्ला ते आधी बघा. जीवशास्त्र चांगलं आणि इंग्रजी-भौतिक कच्चं असेल तर वर्षभरात सुधारता येतं. सीईटीचा निकाल त्या वर्षापुरताच असतो, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा परीक्षा. एएनएम हा सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, पण बी.एस्सी.ची तयारी असणाऱ्यांनी घाईने तिकडे वळू नये.

मुलगा आहे. नर्सिंगला घ्यावं का?

घ्यावं. सीईटी मुलांनाही खुली आहे. एसएनडीटी आणि मिलिटरी नर्सिंग हे मार्ग मुलींपुरते, बाकी कॉलेजची प्रवेशक्षमता आणि वसतिगृह विचारून घ्या. अतिदक्षता, मानसोपचार, अपघात विभागात ब्रदरांना मागणी असते. नातेवाइकांच्या टोमण्यांना मुलानेच उत्तर द्यावं, तुम्ही नको.

एकजण म्हणतो, चार लाख द्या, मॅनेजमेंटमधून करून देतो.

कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीवरचे पैसे, घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि संस्थास्तरावरच्या जागाही नियमाने, जाहीर सूचना काढून भराव्या लागतात. पावती नसलेला एकही रुपया देऊ नका. असा माणूस बहुधा शेवटच्या फेरीनंतर उगवतो, जेव्हा जागा तशाही रिकाम्या असतात, आणि तुम्हाला आपोआप मिळू शकणारी गोष्ट तुम्हालाच विकतो. कॉलेज खरं आहे ना, हे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांच्या यादीत तपासा. त्या यादीत नाव नसेल तर बाकी काही ऐकायची गरजच नाही. तक्रार असेल तर सीईटी सेलचं कार्यालय फोर्टला न्यू एक्सेलसिअर इमारतीत आठव्या मजल्यावर आहे. सीएसएमटीहून चालत दहा मिनिटं.

प्रवेश मिळाला. बदलापूरहून रोज ये-जा जमेल का?

पहिल्या सत्रात जमेल, नंतर कठीण. बी.एस्सी. चार वर्षांची, आठ सत्रांची. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी असल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के भरून द्यावी लागते. लोकल बंद पडली हे कारण चालत नाही, बुडालेला दिवस नंतर भरावा लागतो. सकाळची ड्युटी सातच्या आसपास सुरू होते. तेव्हा रात्रपाळीची सिस्टर खाटेखाटेपाशी उभी राहून रुग्ण सोपवते: कुणाचं सलाईन किती उरलंय, कुणाला पहाटे ताप आला, कुणाला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलंय. ते सोपवणं चुकलं तर दिवसभर वॉर्डात तुम्ही आंधळ्या. शेवटच्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप असते, आठवड्याला ४८ तास. वसतिगृह मिळत असेल तर घ्या. नसेल तर कॉलेजजवळ तिघी-चौघींनी मिळून खोली बघा, आणि ती बघायला पहिल्या महिन्यातच लागा, कारण परीक्षेच्या तोंडावर परळ-भायखळ्यात परवडणारी खोली मिळत नाही.